तहानेवर पंधरा मिनिटं

३० मार्च, रविवार

वाटणी झाली. शुभ शुक्रवारी दुपारी तीन तास उपासना, येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द, सात जणांनी सांगायचे — आमच्या मंडळीची जुनी पद्धत. क्षमेचा शब्द नेहमीप्रमाणे बापूसाहेबांनी घेतला. पंच कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी आजवर कुणाला क्षमा केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मला पाचवा — तहानेचा, 'मला तहान लागली आहे'. पंधरा मिनिटं.

"तुम्ही पेपरात सदर लिहिता, तुम्हाला काय अवघड," पाळकसाहेब म्हणाले.

त्याच बैठकीत पुढचा ठराव: आवारातल्या बोअरच्या तोटीला कुलूप. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन येतात, चिखल होतो, प्रार्थनेत गलका ऐकू येतो. "दया पाहिजे, पण शिस्तीत," इति बापूसाहेब. सगळ्यांच्या माना हलल्या. तहान आणि कुलूप एकाच चहात उरकलं! हसू फक्त मला आलं, तेही खोकला म्हणून खपवावं लागलं.

२ एप्रिल, बुधवार

आमच्या मागच्या बोळात गौरम्मा राहते. विड्या वळते. नवरा मल्लिकार्जुन मागावर होता, आता लकवा होऊन अंथरुणाला खिळलाय. त्याला रोज धुवावं लागतं, रोज चादरी. पालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, करंगळीएवढ्या धारेनं. तिचं सगळं भागत होतं ते चर्चच्या तोटीवर. आज रिकामी घागर घेऊन परत येताना भेटली.

"मास्तर, तुमच्या देवानं कुलूप लावलंय की."

"देवानं नाही गं, कमिटीनं."

"आमाला काय ठावं त्यातलं मोठं कोन."

हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

घरी येऊन बायकोसमोर, सुकन्येसमोर, तासभर बडबडलो. ती कंपाउंडच्या भिंतीआड कुंड्यांना पाईपनं पाणी घालत होती. "एवढं मनाला लावून घेऊ नका, बीपी वाढेल," म्हणाली. आमच्या बोअरची मोटर तळाशी, पाण्यात बसवलेली. चालू असली तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. चिडायला तरी शांतता मिळते.

६ एप्रिल, रविवार

सदर छापून आलं. 'शिस्तबद्ध दया.' सकाळपासून फोन. सांगोल्याचा एक वाचक: "लई भारी हाणलंय सर, आमच्या टँकरवाल्यावर बी एक लिवा." चर्चमध्ये बापूसाहेबांनी हात मिळवला नाही. दिवस सार्थकी लागला.

७ एप्रिल, सोमवार

पाळकसाहेब आले. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलले. मग कप ठेवत म्हणाले, "भाऊ, एक सांगू? कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. पहाटे उठून मी हळूच उघडत होतो. गौरम्मा आणि आणखी दोघी-तिघी भरून न्यायच्या. लेख आला आणि कमिटीनं किल्ली काढून घेतली."

रागावलेसुद्धा नाहीत. हा माणूस चिडत नाही, याचीच चीड येते.

निम्मं सोलापूर हसलं, आणि गौरम्माच्या घागरी गेल्या.

९ एप्रिल

बापूसाहेबांना फोन केला. "लेख छान होता," म्हणाले आणि ठेवला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर कमिटीपुढे उभा राहिलो. झावळी हातातच राहिली होती, त्यामुळे मुद्द्याला म्हणावं तसं वजन आलं नाही.

"उद्या बोअर आटली तर बाप्तिस्म्याला पाणी कुठनं आणायचं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"आपण शिंपडतो, बापूसाहेब. वाटीभर लागतं."

दोघे हसले. मतं सगळी बापूसाहेबांच्या बाजूला.

गौरम्मा आता पुलापलीकडच्या हापशावर जाते. मल्लिकार्जुनाच्या पाठीला जखमा व्हायला लागल्यात. हे मला तिनं नाही, पाळकांनी सांगितलं. मंडळीत दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. त्याचं नाव घेतलं जात नाही. तो आपल्यातला नाही ना!

१६ एप्रिल, बुधवार

भाषण तयार. शेवटचं वाक्य असं उतरलंय की बापूसाहेब बाकावर चुळबुळतील. सुकन्येला वाचून दाखवलं.

"छान आहे," म्हणाली. "पण यात तहानलेलं कोण आहे? सगळे बापूसाहेबच दिसतात."

बायकोला साहित्यातलं काय कळतं, असं लिहिणार होतो. राहू दे.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

विचका.

पत्रे तापलेले, पंखे गरम वारा फेकणारे. सगळ्यांचा उपवास, त्यामुळे कुणाकडे पाण्याची बाटली नाही. मी उभा राहिलो, सुरुवात झकास झाली. बापूसाहेबांनी मान खाली घातली. आणि घसा बसला. बसला म्हणजे पार — आवाजाच्या जागी नुसती घरघर. "पाणी आणा रे," कुणीतरी म्हणालं. तोटीला कुलूप. बापूसाहेब खिसे चाचपायला लागले. किल्ली घरी!

गौरम्मा दारातल्या सावलीला टेकली होती. हापशावरून येताना डांबरानं पाय पोळले म्हणून. घागर घेऊन सरळ आत आली, मधल्या वाटेनं, वेदीपर्यंत. "धरा ओंजळ, मास्तर."

प्यालो. धार थांबेना आणि मलाही थांबता येईना. सहाव्या शब्दाच्या वक्त्यानंही ओंजळ पुढे केली. त्याच्यामागे, इकडेतिकडे न बघता, बापूसाहेबांनी.

घागर अर्धी झाली. तिनं पदराचं टोक पिळलं आणि परत पुलाकडे निघाली.

मी जाऊन बसलो. शेवटचं वाक्य खिशातच राहिलं. त्याचंच वाईट वाटत राहिलं घरी येईपर्यंत. काय माणूस आहे मी.

१९ एप्रिल

कुलूप तसंच. "विषय सणानंतरच्या बैठकीत घेऊ," असा बापूसाहेबांचा निरोप. पाणी प्यालेला माणूस! आता दुसरा लेख लिहिणार, याहून जहरी.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटेच्या उपासनेतून परस्पर गौरम्माकडे गेलो. कमिटीचा उद्धार केला, तिचं पाणी संपवलं म्हणून माफी मागितली. ती मल्लिकार्जुनाची पाठ ओल्या फडक्यानं पुसत होती. वाटीत चार घोट पाणी.

"ऱ्हाऊ द्या की मास्तर," मान वर न करता म्हणाली. "तुमच्या मोटरचा आवाज बी येत न्हाई, बोअर आटली म्हनूनच तुमी त्या तोटीपायी एवढं भांडलासा. पानी आसतं तर तुमी दिलंच आसतं की."

घरी आलो. सुकन्येच्या हातातला पाईप घेतला, भिंतीवरून पलीकडे टाकला. गौरम्माच्या दारापर्यंत पुरला.