पिसांचा झाडू

२३ एप्रिल
चहात पाकळी. आजची तिसरी! मानवजातीने दखल घ्यावी असा हा अत्याचार आहे. शेजारच्या मात्सुयो आजींची ती म्हातारी चेरी बांधापलीकडे नुसती टपून असते — इवाओ ओट्यावर बसला, सोडा पाकळी! फळ आंबट, साल फाटलेली. बाजारात कुणी हुंगतही नाही.

२४ एप्रिल
आजींना सांगून आलो, झाड तोडा. "फुलं तर सरू देत रे," म्हणाल्या. म्हटलं, दोन जूनला करवतवाले येतील, मीच सांगतो त्यांना. त्या चहा ओतत राहिल्या. मी प्यायलो नाही. त्यातही पाकळी होती.

२५ एप्रिल
काय हा गारठा! भाड्याच्या मधमाश्या पेटीच्या तोंडाशी येतात, बाहेर बघतात, पुन्हा आत. सरकारी कारकून परवडले! माझी चेरीची चोवीस झाडं फुलांनी पांढरी अन् माशी एक नाही. यंदा फळ धरलं नाही तर वर्षभर खायचं काय?
किनुए म्हणाली, "अहो, मामंजी असते तर—"
मामंजी असते तर बागेत चार जातींची खिचडी असती! मी सेंदाई शहरातून परतल्यावर पहिलं ते सगळं काढलं. आता एकच जात, सातोनिशिकी. दर तिलाच आहे.

२७ एप्रिल
हद्द झाली! पहाटे पाचला बागेत खुडबुड. बघतो तर मात्सुयो आजी — वय वर्षं ऐंशी! — लांब दांड्याचा पिसांचा झाडू घेऊन. एक हात स्वतःच्या झाडावर, एक हात माझ्या. जणू माझी फुलं म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावरची धूळ.
"कुणाला विचारून, आजी?"
"कालपासून करतेय रे. माश्या उठत नाहीत, म्हटलं—"
"फुलं गळतील! निघा!"
"ओरडू नकोस. अगदी तुझ्या आजोबांसारखा दिसतोस."
झाडू हिसकावला, बांधापलीकडे फेकला. दांडा मोडला. त्या गेल्या. पिसं पिवळी झाली होती. मळकी बाई!

२८ एप्रिल
चहात पाकळी. ओतून दिला.

२० मे
देठ वाळून गळताहेत. रानभर गळताहेत! सहकारी संस्थेचे होन्मा येऊन बघून गेले.
"सगळी एकाच जातीची? मग फळ कसं धरणार? परागकण दुसऱ्या जातीचा लागतो."
"गेल्या वर्षी धरलं होतं!"
"गेल्या वर्षी ऊन होतं. माश्या त्या म्हातारीच्या झाडावरून इकडे येत होत्या. यंदा माश्या नाहीत." मग थबकले. "आणि ही ओळ कशी लगडली?"
इतका राग आलाय की कुणावर काढू कळत नाही. किनुए समोर आली तिच्यावर काढला.

२१ मे
मोजलं. पहिली ओळ भरलेली. दुसरीतली तीन झाडं भरलेली. चौथ्याची अर्धी बाजू. पुढे काही नाही.
त्या चौथ्या झाडापाशीच मी ओरडलो होतो.

२ जून
करवतवाले आले. परत पाठवले.
आजी देवळात गेल्या होत्या. त्यांच्या अंगणातला मोडका झाडू आणला, बांबूचा नवा दांडा बसवला, दारात टेकवून आलो.
पिसं धुतली नाहीत. पिवळी तशीच ठेवली.