एका पेशीचं झाड

३ तारीख, सोमवार

इथे येऊन आठवडा होऊन गेला. रोज लिहीन म्हणालो आणि रोज टाळलं. आज खोली झाडून झाली, दोन्ही शर्ट धुऊन झाले, टाळायला काही उरलं नाही, म्हणून बसलोय. ताई म्हणते, माझ्या हातून एकच काम वेळेवर होतं, हातातलं काम सोडण्याचं. बाळंतपणापासून तिच्या जिभेला जास्तच धार आलीय.

पण हे काम सोडणार नाही. खोलीला मोठी खिडकी आहे, शेजारी कुणी गात नाही, आणि प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ. कॉलेज अर्ध्यावर टाकलेल्या माणसाला इथे घेतलं, कारण माझा हात थरथरत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या ते असं कामी आलं. वॉचमनला माझं शिक्षण ठाऊक आहे, म्हणून तो मुद्दाम मला डॉक्टर म्हणतो.

शेजारच्या हॉस्पिटलात एखाद्या बाईचं स्तनाचं ऑपरेशन झालं आणि तिने परवानगीची सही दिली असली, तर काढलेला तुकडा बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे येतो. फोनवर ताईला सांगितलं तेव्हा ती पोटभर हसली. आईला नुसतं दवाखान्यात लागलोय एवढंच सांग म्हणाली, तिला एका दमात इतकं झेपायचं नाही.

६ तारीख, गुरुवार

आज मॅडमनी सगळं नीट समजावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, चहा गार करून पिणाऱ्या. तुकडा बारीक चिरून विरघळवला की पेशी सुट्या होतात. त्यांत मोजक्याच मूळपेशी, ज्यांच्यापासून बाकीच्या सगळ्या होतात. दिसायला मात्र साऱ्या सारख्या. रंग लावून मशीन त्या वेगळ्या काढतं, पण मॅडमचा रंगावर भरवसा नाही. त्या म्हणतात, रंग पाहून स्थळ ठरवावं, लग्न नाही.

खरी ओळख पुढे. जेलीच्या गादीवर, एकेका खळग्यात, एकेकच पेशी ठेवायची. बहुतेक मरतात. काही नुसता गोळा होऊन बसतात. मूळपेशी मात्र एकटीच्या जिवावर सगळी ग्रंथी उभी करते, नळ्या, फांद्या, टोकाला कळ्या. खळग्यांतलं गुलाबी पाणी बदलणं हे माझं काम. इथे त्याला जेवण घालणं म्हणतात. मी तर गुड मॉर्निंगही म्हणतो. काल यावरून, मी जहाजावर कामाला होतो तेव्हाचा एक आचारी आठवला, तो भांड्यांशी बोलायचा. त्याचं पुढे काय झालं कोण जाणे.

१४ तारीख, शुक्रवार

झाड आलं. मायक्रोस्कोपखाली आधी मलाच दिसलं, पानं झडलेल्या झाडासारखं, प्रत्येक टोकाला इवली कळी. मॅडमनी पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. असं इतकं पुरं झाड अजून कुणाच्याच तुकड्यातून आलं नव्हतं. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, याची नजर चांगली आहे. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. चार वेळा ताईला फोन लावला, शेवटी ती म्हणाली, बाळ झोपलंय, नजर ठेव खिशात.

१८ तारीख, मंगळवार

जिच्या तुकड्यातून झाड आलं, ती बाई आज आली. परवानगी मागे घेतली. नियम साफ आहे, परवानगी गेली की त्या बाईच्या सगळ्या पेशी ब्लीचमध्ये. मॅडम परगावी परिषदेला गेल्यात. फोनवर त्यांचा आवाज पडला होता, तरी म्हणाल्या, आजच्या आज, एकही ठेवायची नाही.

एक ठेवली. झाडाचा खळगा तेवढा उचलून दुसऱ्या डिशमध्ये बसवला, वर दुसराच नंबर घातला. बाकीच्यांवर ब्लीच ओतलं.

ती बाहेर बाकावर थांबली होती. विचारलं, भाऊ, सगळं गेलं ना? मी हो म्हणालो. मग तिने न विचारताच सांगितलं. तिचा तान्हा मुलगा गेला, पण दूध आटलं नाही, आणि तो प्यायला येत राहिला. दुपारी, उजेडात. छातीवर बिनदातांच्या हिरड्यांच्या खुणा उठायच्या. शेवटी डॉक्टरांना भलतंच दुखणं सांगून तिने दोन्ही बाजू काढवून घेतल्या. तो यायचा थांबला. परवा एका नर्सने कौतुकाने सांगितलं, की तुमच्या पेशी अजून जिवंत आहेत. तिथे दूध आलं तर तो पुन्हा उठेल, म्हणाली. दूध कुणाचं ते त्याला कळत नाही, दूध कळतं.

जाताना तिने माझे हात धरले. झोपेन आता, म्हणाली. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

२१ तारीख, शुक्रवार

तीन रात्री नीट झोप नाही. टाकून देऊ म्हणून डिश काढली आणि पाहत बसलो. मॅडम परत आल्यावर दाखवायचं तर पुरंच दाखवावं, म्हणून दूध आणणारं औषध जेवणात मिसळलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२३ तारीख, रविवार

कळ्यांत पांढरे थेंब. इतकं सुंदर, की तिची आठवण येईपर्यंत मी हसत होतो.

जेवायला जाऊन आलो. थेंब नव्हते. जेलीवर दबल्याची एक अर्धगोल खूण होती, ओठांनी धरल्यासारखी.

२४ तारीख, सोमवार

प्रयोगशाळेत त्या बाईचा फोन. ओरडली नाही. म्हणाली, तो उठलाय. माझ्याकडे आला, छातीवर तोंड फिरवलं, काही मिळालं नाही, गेला. कुठे गेला असेल, भाऊ?

मला काय ठाऊक, म्हणालो.

मला ठाऊक होतं.

२५ तारीख, मंगळवार

डिश उबेला ठेवतात त्या इन्क्युबेटरच्या काचेवर तळव्यांचे ठसे. बोराएवढे तळवे. पुसले, जात नाहीत.

ते आतल्या बाजूने आहेत.

२६ तारीख, बुधवार

ब्लीच ओतलं. झाड पांढरं पडलं, विरघळलं. आठ दिवसांपूर्वी करायचं ते आज केलं, आणि काय वाटलं, सगळं मिटलं?

दुपारपासून रडणं. आधी वाटलं, पंखा. पंखा बंद केला.

तिला फोन केला. खरं सांगितलं, सगळं. ती एवढंच म्हणाली, मी त्याला उपाशी ठेवलं म्हणून तो निजला होता. तुम्ही त्याला चव लावलीत आणि ताट काढून घेतलंत. आता तो शोधेल.

२७, गुरुवार

मॅडम उद्या येणार. त्यांना सांगायला हवं. काय सांगू —

रडणं टेबलाखाली. मग कपाटामागे. जमिनीवर ओला माग, दोन गुडघे, दोन तळवे. दारापर्यंत जातो, परत येतो. अजून कुठे जायचं ते त्याला —

वॉचमनचा फोन. हसत होता. म्हणाला, डॉक्टर, तुमची बहीण आलीय, कडेवर बाळ आहे, तुम्हाला चकित करायचंय म्हणे, मी सांगितलं असं सांगू नका. वर पाठवलंय.

ताई. न सांगता. दूधपितं पोर घेऊन —

रडणं थांबलं.

दार उघडं आहे. मी उघडलेलं नाही. जिन्यात तिची पावलं, बाळाशी काहीतरी बोलतेय, मामा, मामा. आता थबकली. म्हणतेय, अगंबाई, हे कुणाचं, असं गार फरशीवर कुणी ठेवलं, ये, ये रे —

उचलू नकोस म्हणायचंय. म्हणालो तर का ते सांगावं लागेल. तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितोय, ताई, मी तो खळगा ठेवला, मला वाटलं मॅडम पुन्हा म्हणतील, की याची न —