शेळगावच्या मोटारीचा तुंबा

तात्या, तुमचे कान गेले होते हे साऱ्या बारामतीत फक्त मला, तुमच्या पोराला, ठाऊक होतं. वर्षानुवर्षं घण मारून बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येईनासे झाले होते, पण मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्रीच बहिरा म्हटल्यावर दारात कोण उभं राहणार? म्हणून गिऱ्हाईक बोललं की तेच मी पुन्हा मोठ्यानं बोलायचो. ओतीव काम दोरीला टांगून वाजवायचं असलं की तुम्ही सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "वाजव रं." खणखणीत वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर आत चीर. माझ्याकडून तुम्हाला लागायची ती एवढी एकच गोष्ट.

शेळगावचे बागाईतदार आले तो दिवस आठवतो. त्यांच्या उघड्या मोटारीच्या पुढच्या चाकाचा तुंबा, चाकाच्या मधला आसावर फिरणारा गड्डा, इंदापूरच्या रस्त्यावर फुटला होता. "मिस्त्री, गाडी पळाली पायजे, आन् तुंबा पुन्यांदा मोडता कामा न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. तुम्ही पोलाद म्हणालात. तेवढ्यात तुमचा भाचा, कऱ्हाटीहून दोनच वर्षांपूर्वी काम शिकायला आलेला, मोठ्यानं म्हणाला, "मामा, पोलादानं चाक जड हुतं. अ‍ॅल्युमिनियमचा ओतू का?" तुम्ही हसलात. "खडीच्या रस्त्याला टिकंल व्हय त्ये?" तर म्हणतो, "बोल्टाच्या भोकांत पोलादी नळ्या बसवतो. मंग आटं झिजायचं न्हाईत." तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. "डोकं हाय गड्या तुला!" दहा वर्षं मी भाता ओढला, लेथ पायानं फिरवला, आणि मला काय मिळालं? "हळू चालीव." मी जळून खाक झालो, तात्या. त्या दिवसापासून त्याचं जेवणंसुद्धा मला बघवेना.

त्यानं जुने पिस्टन वितळवून तुंबा ओतला, घासून चांदीसारखा केला, आणि आईला बरं नाही म्हणून दोन दिवस कऱ्हाटीला गेला. तुम्ही पोलादाचाही एक करून ठेवला होता. पण बागाईतदार आले तेव्हा तुम्ही भाच्याचाच त्यांच्या हातात दिलात. "बगा, किती हलका!" मग तो दोरीला टांगलात. "वाजव रं." मी हातोडी मारली. पितळी ताटासारखा खणखणला तो, पण बागाईतदारांना त्या आवाजातलं काही कळत नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "बद्द हाय, तात्या." तुमचा चेहरा पडला. पोलादी तुंबा बसला, आणि भाच्याचा वितळायला पुन्हा मुशीत गेला.

तो परत आला तेव्हा भट्टीपाशीच उभा राहिला. "दादा, खरंच बद्द वाजला?" मी म्हणालो, "तात्यांनी सोता ऐकला." त्यानं तुमच्याकडे पाहिलं. ऐकू आलं नाही, हे तुम्हाला कुणापुढं कबूल करता येत नव्हतं, आणि ते ठाऊक असूनच मी तसं बोललो होतो. तुम्ही होकारार्थी मान डोलावलीत. आठच दिवसांत तो गाव सोडून गेला. कुठल्याशा लॉरीवर ड्रायव्हर झाला म्हणतात, भट्टीला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

पोलादी तुंबा वर्षानुवर्षं चालला. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माज्या पोरानं कानानं पकडलं, न्हायतर आबरू गेली आसती." ज्याची जन्मभर वाट पाहिली ते कौतुक असं मिळालं. परवा नातू म्हणाला, शर्यतीच्या मोटारींना आता अ‍ॅल्युमिनियमचेच तुंबे असतात. मी त्याच्यावर उगाच खेकसलो. अजून झोंबतं मला.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायला पेटी नाही, ही माझी सबब खोटी आहे. त्यानंतर बारा वर्षं तुम्ही होतात, रोज एका पंगतीला आपण जेवायचो. तोंडानंच सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही त्याला परत बोलावलं असतं.