नानांच्या नावाची नोटीस

नाशिक,
१२ जानेवारी १९९९

प्रिय नाना,

नामपूरला आत्याच्या हातच्या भाकरी खाऊन तुम्ही चांगलेच गुटगुटीत झाला असाल. आत्या दिवसातून दहा वेळा अहिराणीत "मना भाऊ राजा शे" म्हणत असणार आणि तुम्ही प्लास्टरचा पाय खाटेवर टाकून येणाऱ्याजाणाऱ्या एसटीचे हॉर्न ओळखत बसला असाल. इकडे आई मजेत आहे. तुम्ही नाहीत म्हणून एक दिवसाआड वांगी करते आणि आम्ही दोघी बोटं चाटून खातो.

मी मात्र तुमचं एक ऐकलं नाही. रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून रागवा. मागच्या महिन्यात वाहतूक शाखेची तुमच्या नावाची नोटीस आली. लाल दिवा तोडून रिक्षाला धडक दिली, कोर्टात हजर व्हा. तुमचं फर्मान होतं की नोटीस कपाटात ठेव, मी आल्यावर गुन्हा कबूल करून येतो. मी ती ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. दोन दिवस जेवण गेलं नाही.

नाना, तीस वर्षं एसटी चालवलीत, एका कोंबडीलाही धक्का लावला नाहीत. शरणपूर रोडच्या त्या चौकात स्कूटर मी चालवत होते. शिकाऊ लायसन्स माझं, तुम्ही मागे बसलेले. कोपऱ्यावरचा मारुती दिसला आणि मी ऐटीत एक हात सोडून, डोळे मिटून नमस्कार केला. लहानपणापासून तुमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून तेच तर बघितलं होतं! देऊळ आलं की ड्रायव्हरचा हात कपाळाला जातो. तुम्ही आधी गाडी थांबवता आणि मग हात जोडता, हे बावीस वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा दिवा लाल आणि समोर आपल्याच स्टँडवरच्या चिमाजीकाकांची रिक्षा. रिक्षा उलटली, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, तुमचा पाय दोन ठिकाणी मोडला. मला नुसतं खरचटलं. आणि रस्त्यात पडल्या पडल्या तुम्ही हवालदाराला सांगितलंत, गाडी मी चालवत होतो. जन्मात एकच खोटं बोललात, तेही माझ्यासाठी.

शेवटी नोटीस घेऊन मी वाहतूक शाखेत गेले. हवालदार हसायलाच लागले. "बापाला वाचवायला आली का? लय पोरी येतात अशा." खरं बोलायला गेले तर मीच खोटारडी ठरले! मग सरळ चिमाजीकाकांचं घर गाठलं. रडत रडत सांगायला लागले तर ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. हँडलवर तुलाच बघितलं ना मी. पण बाप म्हणतो मी व्हतो, तर मी कशाला मधी बोलू?" त्यांच्या बायकोने, ठमाकाकूंनी, मला आधी चहा पाजला, मग यथेच्छ झापलं. झोळीत अडकवलेला हात घेऊन काका माझ्याबरोबर वाहतूक शाखेत आले आणि त्यांनी जबाब दिला.

आज तारीख होती. नाव पुकारलं ते माझं. जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी इतक्या जोरात हो म्हटलं की मागचे वकीलसुद्धा वळून बघायला लागले. दंड झाला, पक्कं लायसन्स सहा महिने मिळणार नाही. बाहेर आले तर हसू आवरेना. बरोबर आलेल्या आईने विचारलं, वेड लागलं का? मग दोघींनी मिसळ खाल्ली, तर्री वाढवून घेतली.

आता हे आजच का कळवते ते सांगते. तुम्ही नामपूरला निघायच्या आदल्या दिवशी डेपोचे साहेब घरी आले होते, हे मला आईकडून कळलं. तीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला, सव्वीस जानेवारीला, आईसकट सत्कार. आणि तुम्ही म्हणालात, माझ्यावर केस आहे, मला तो बिल्ला नको. माझ्यासाठी बोललेलं खोटं तुम्हीच खरं मानून बसलात! हे ऐकलं आणि नोटीस कपाटात राहिली नाही. आज मिसळ खाऊन तशीच डेपोत गेले आणि साहेबांना निकाल दाखवला. तुमचं नाव यादीत परत घातलंय. पंचवीस तारखेला कुबड्या घेऊन या, आत्यालाही आणा. नाना, तुमच्या नावावर आता एकही अपघात नाही. तो माझ्या नावावर आहे, आणि तिथेच शोभतो.

तुमचीच, गुन्हा कबूल केलेली,
ज्योत्स्ना