डावी बाजू मृण्मयीची

६ जानेवारी
महाप्याच्या टेनिस कोर्टावर सरांबरोबर एकटीच. सर म्हणाले, "डावीकडचे बॉल सोडतेस का गं तू?" सोडत नाही, पाय हलत नाहीत. आठ वर्षं डावी बाजू मृण्मयीची, उजवी माझी. डबल्समध्ये हे नवरा-बायकोसारखंच, पलंगाची कुठली बाजू कुणाची ते एकदा ठरलं की ठरलं. मृ.ला बाळ झाल्यापासून दर स्पर्धेला नवी पार्टनर शोधतेय. पहिल्या राउंडला हरायचं, बॅग उचलायची, घरी यायचं. रँकिंगचं तर बोलायलाच नको.

९ जानेवारी
हैदराबादच्या तन्वीचा फोन. वय बावीस, सर्व्हिस म्हणजे तोफ. पूर्ण सीझन एकत्र खेळू म्हणते. या वयात अशी ऑफर परत येणार नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण तीही उजवीकडचीच. "दीदी, आप लेफ्ट ले लो ना. हो जाएगा." इतकं सहज. पुण्याच्या स्पर्धेची एन्ट्री पुढच्या गुरुवारी दुपारी बंद होते, त्याआधी कळवायचंय.
मृ. दिवाळीनंतर येते म्हणाली होती. आता संक्रांत आली.

१० जानेवारी
आईला सांगितलं. आमच्या पावणे गावात कारखान्यांच्या जागी भाताची शेतं बघितलेली बाई, टेनिसचं तिला काडीचं सोयरसुतक नाही. तरी वाल सोलता सोलता बरोब्बर बोलली. "तिला पोर झालाय. ती आता पोराला बगल का तुज्या बॉलला? तू किती वाट बगशील गो?"
मीही वाल सोलायला बसले.

१२ जानेवारी
मृ.कडे, सीवूड्सला. बाळाला दात येतायत, माझं बोट कचकन चावलं. मृ.च्या तळहातावरचे घट्टे गेलेत. हात मऊ झालाय, कधी रॅकेट धरलीच नव्हती असा. तो हातात घेतला. मला ती परत हवीय. जिंकणं-बिंकणं नंतर.
तन्वीचं सांगितलं. मृ. बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही.
"मग खेळ की, प्राजू. मला काय विचारतेस?"
"आणि तू?"
"माझं काय सांगू? झोप नाही धड. सासूबाई म्हणतात, अजून वर्षभर थांब. बघू."
मला ती भांडायला हवी होती. माझी जागा कुणाला देतेस, म्हणून. चहा पिऊन निघाले.

१६ जानेवारी
तन्वीला हो म्हटलं. पुण्याची एन्ट्री पाठवली. आई खूश, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव लागली नाही.

२० जानेवारी
डावीकडून प्रॅक्टिस. बॅकहँड रिटर्न अर्धे नेटमध्ये, उरलेले थेट मागच्या कुंपणावर. सर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, बसेल हात." इथून कोर्ट वेगळंच दिसतं. मी जिथे उभी असायचे ती जागा दिसते. म्हणजे आठ वर्षं मृ.ला मीच दिसत होते. आज तिथे अकादमीतली एक पोरगी होती. बरी खेळते. तिच्यावर उगाच खेकसले.

२८ जानेवारी, पुणे
पहिला राउंड जिंकलो. किती महिन्यांनी. डावीकडून दोन रिटर्न असे बसले की स्वतःचंच नवल वाटलं. तन्वी उडी मारून गळ्यात पडली. छान वाटलं, खोटं कशाला लिहू.
संध्याकाळी मृ.चा फोन. मागे बाळ रडत होतं.
"निकाल बघितला. अभिनंदन."
"थँक्यू."
आता फोन ठेवतेय वाटलं, तर म्हणाली, "कुठल्या बाजूला खेळलीस?"
"उजव्या."
कसं काय तोंडातून गेलं, माहीत नाही. पलीकडे ती मोठ्ठा श्वास सोडते ते ऐकू आलं. "मी काल रॅकेटला नवी ग्रिप लावली," म्हणाली. "अशीच, बसल्या बसल्या." मग बाळाने जोर धरला, फोन ठेवला. कधी येतेस, हे विचारायचं राहिलं. विचारायची हिंमतच झाली नाही खरं तर.
उद्या दुसरा राउंड. तन्वी म्हणते, "दीदी, अब अपनी साइड फिक्स." मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.