सोळा श्रेया

९ नोव्हेंबर, रविवार

आजही श्रेया गायला आली. मागच्या खोलीचं दार लागलं. लगेच विश्वजीतनं डोकं बाहेर काढलं — "मेघा, कुकर लावू नकोस. शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये येते." वरण पातेल्यात शिजवलं. नवरा आत अल्बम करतो, मी बाहेर आवाज न करता स्वयंपाक करते.

जाताना श्रेया म्हणाली, "ताई, तुमच्याकडं किती शांत असतं!" ती शांतता कोण राखतं, हे तिला कोण सांगणार.

११ नोव्हेंबर

जेवताना त्यानं समजावून सांगितलं. श्रेयाचा आवाज सोळा वेळा घेतलाय, एकावर एक थर. खाली संबळ. त्याच्याही खाली तो नोकरी करतो त्या कंपनीतल्या प्रेस मशीनचा ठोका, फोनवर टिपून आणलेला. वर बासऱ्या, व्हायोलिन. "गाणं असं भरलेलं पाहिजे की दहाव्यांदा ऐकलं तरी नवं काहीतरी सापडावं."

डोळे कसे चमकत होते त्याचे. लग्नाआधी बजाजनगरच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं हेच करायचो. चाल माझी, वाद्यं त्याची. मग मला शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी लागली, आणि ते कधी बंद पडलं कळलंच नाही.

आता माझ्या घरात सोळा श्रेया आहेत. मी एकच.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोघं वेरूळला गेले. ओढ्याचं पाणी, पाखरं, असले आवाज टिपायला. मला पेपर तपासायचे होते. पण चल म्हणून विचारायचं तरी!

सासूबाई म्हणाल्या, "मेघे, परक्या पोरीसंगं असं हिंडणं बरं दिसत नाय. तू कशी गं गप?"

"कामाला गेलेत ते," म्हटलं.

तो आला, अंघोळीला गेला. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. धूळ आणि घाम, बाकी काही नाही. स्वतःचीच लाज वाटली.

१८ नोव्हेंबर

वर्गात मुलींना चुकीचा सूर दिला. त्यांनी तोच धरला.

२१ नोव्हेंबर

विश्वजीत सेकंड शिफ्टला. शाळेतून आले ती थेट मागच्या खोलीत. हेडफोन घातले, कॉम्प्युटरवर अल्बमचं काम उघडलं, एकेक वाद्य बंद करत गेले. दोन ओळींच्या मधे ते दोघं काय बोलतात ते ऐकायचं होतं. इथं खोटं कशाला लिहू.

सापडलं ते इतकंच — "पुन्हा." "निषाद जरा वर." "थांब, पाणी पिते." एकदा दोघं हसले, ती शब्द विसरली म्हणून. मग श्रेया विचारते, "मेघाताईंना ऐकवलं का?" आणि विश्वजीत म्हणतो, "तिला आता यात रस नाही राहिला. शाळेतच खूश आहे ती."

 मग सगळे थर एकदम सुरू केले. गाणी सुंदर आहेत. इतकी, की पुन्हा पहिल्यापासून लावली. फक्त तिसऱ्या गाण्यात सगळे आवाज वरच दाटलेत, खाली खर्जात कुणीच नाही. ती खालची ओळ मी गुणगुणून पाहिली. चपखल बसली.

२३ नोव्हेंबर

धीर करून सांगितलं — तिसऱ्या गाण्यात खाली एक आवाज हवा.

"अगं, मिक्स झालंय ते. आणि तुला कधीपासून..." म्हणत त्यानं हेडफोन चढवले. 

२८ डिसेंबर, रविवार

अल्बम आला. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवला. जो तो म्हणत होता, काय भरीव काम केलंय! विश्वजीतच्या पाठीवर थापा पडत होत्या. मी चहाच्या टेबलापाशी उभी.

इतके दिवस श्रेयावर डोळा ठेवून होते. आज तिच्याकडं बघितलंही नाही. त्याच्याकडंच बघत होते. थरावर थर चढवत बसायचं, रोज, तासन्‌तास — ते त्याला मिळालं. मला ते हवं होतं. तो नाही, ती नाही. ते.

श्रेया जवळ आली. "ताई, खरं सांगा, कसं वाटलं?"

"तिसरं गाणं खालून पोकळ आहे."

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "मलाही काहीतरी कमी वाटत होतं. पण काय ते सापडेना."

तिला जिन्यात नेलं आणि ती ओळ गाऊन दाखवली. तिनं अलगद वरची ओळ धरली. आत टाळ्या चालू होत्या. आम्ही दोघी जिन्यातच उभ्या, पूर्ण अंतरा होईपर्यंत.

३० डिसेंबर

श्रेयाला फोन केला. पुढचा अल्बम आपण दोघी करू, चाली माझ्या. ती लगेच हो म्हणाली. विश्वजीतला अजून सांगितलेलं नाही.