लेकाच्या बदली दोन पोरगे

बाबा, माझा लेक तुझ्या कबड्डीच्या संघातून खेळला, हे तुला सांगायचं राहून गेलं. तू गेलास तेव्हा तो रांगत होता. मधल्या वर्षांत सांगण्यासारखी माझ्याकडे दुखणीखुपणीच होती, ती सांगून तुला तिथेही कशाला बेजार करायचं? हे मी बोलते आहे आणि तुझी पणती लिहिते आहे. मला अक्षर येत नाही ते तू जाणतोस, अजूनही येत नाही, आता शिकायची घाईही नाही. ही मध्येच म्हणते, "आजी, एवढं लांब वाक्य कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, दम तुटेपर्यंत बोलायचं असतं गो, तू लिही.

तू चिरेखाणीवरून यायचास तेव्हा अंगभर जांभ्याची तांबडी धूळ असायची. आईने आंघोळीचं पाणी काढलेलं तसंच निवायचं आणि तू मैदानात. ते मैदानही तूच केलेलं, कातळ फोडून, वर नदीकाठची माती टाकून, पोरांकडून चोपून घेतलेलं. मी कडेला चिऱ्यांच्या ढिगावर बसून बघायची. एकदा चुलीपुढे तू पेज पितोयस आणि मी म्हणते, आपल्या चढाईवाल्याचा दम काय लांब आहे! तू वाडगा खाली ठेवलास. "तोंडाकडे काय बघतेस? तोंडाने कुणी सापडतो का? पाय बघ." आई म्हणाली, पोरीच्या जातीला कशाला हे? तू म्हणालास, डोळे तिलाही आहेत. लग्नात तू मला हंडा, कळशी आणि परात दिलीस. परात फुटली, कळशी गळते. पण त्या एका बोलण्यावर मी सासरच्या बायकांत अजून भाव खाते.

तर आमचं सासरचं गाव हातखंब्याच्या अलीकडे, तिथला कबड्डीचा संघ एके काळी तुमच्या तोडीचा होता. मग कोकण रेल्वे सुरू झाली आणि आमची अर्धी पोरं तिच्यात बसून मुंबईला गेली. दोघं आखातात गेले. मागे राहिले ते पोट सुटलेले आणि माझा लेक. तिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टी, तरी प्रत्येक चढाईला हाच. सगळे मिळून याच्याकडे बघायचे आणि पहिल्याच फेरीत घरी यायचे. शेवटी मंडळाने ठरवलं, संघ नव्याने उभा करायचा. तेवढ्यात लांज्यापलीकडून, तुझ्या गावातून निरोप आला. पकडीला त्यांच्याकडे रेडे होते, चढाईला कुणी नव्हतं. तुमचा चढाईवाला द्या, आमची दोन तरणी पोरं घ्या. एक डाव्या कोपऱ्यात पकड करणारा, दुसरा इतका किडकिडीत की वारा आला तर पोरगा कुठे शोधायचा!

मग काय रे बाबा, नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून माझ्या ओटीपर्यंत एकच भांडण.

"वाघ देऊन कोंबडीची पिल्लं घेताय मेल्यांनो!"

"वाघाचा गुडघा ऐकलास का? जिना चढतो तेव्हा खाटेसारखा वाजतो."

"एकाला दोन मिळतायत ना?"

"दोघांना तागडीत घाल, एका माणसाचं वजन भरत नाही."

शेजारीण तर कुंपणावरूनच म्हणाली, "काय गो, लेकाला विकलंस?" मी म्हटलं, "विकला नाही, आजोळी धाडतेय. तुझ्याला कोण मागत नाही, त्याला मी काय करू?"

देवळात सभा भरली. बायका मागे खांबाला टेकून. गुरवाला कुणीतरी म्हणालं, देवाचा कौल घ्या. गुरव म्हणाला, पावसाचं विचारा, पिकाचं विचारा, कबड्डीत देवाला पाडू नका. तेव्हा माझा लेक उभा राहिला. मला वाटलं, आता चिडतो. माणसाला गुरासारखं बदलीत घालताय म्हणाला असता तरी कुणी तोंड उघडलं नसतं. तो म्हणाला, "मी ती पोरं बघून आलो. मामाकडे जातो सांगून गेलो होतो. त्या डाव्या कोपऱ्याने मला दोनदा माघारी येऊ दिलं नाही. मला ठेवलात तर मी आहे तोवर हराल आणि मी गेल्यावरही हराल." एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे तूच तुला देतोस?" "होय. नारळ तेवढा बरा द्या." देऊळ हसलं. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं मीही हसते.

पण बाबा, त्याने जोखीम केवढी घेतली बघ. पोरं वाया गेली असती तर आपल्या हाताने गावचा संघ मोडला म्हणून त्यालाच बोट दाखवलं असतं. आणि पहिलं वर्ष तसंच गेलं. ती दोघं आमच्याकडे राहायची, माझ्या माहेरची म्हणून मला आक्का म्हणायची, जेवायची मात्र चार भावांचं. संघ हरतच होता. लेक तुझ्या गावाहून खेळून घरी येताना नाका टाळून शेतातून यायला लागला, कारण टपरीवर कुणी ना कुणी कोंबडीसारखं ओरडायचंच.

तुझ्या गावात त्याचं वेगळंच. भाचा ना तो! सगळं गाव मामा. काल मिसरूड फुटलेलाही मामा. आणि मी त्याला वळण लावलेलं, कुणाला पाय लागला की हात लावून कपाळाशी न्यायचा. पहिल्या दिवशी सरावात त्याने एका थोरल्या मामाला लाथेने टिपलं, आणि परत पळायचं सोडून पाया पडायला वाकला. सगळे मामा त्याच्या अंगावर! तुझं मैदान दोन दिवस हसत होतं म्हणे.

दुसऱ्या वर्षी पोरं तयार झाली आणि अंतिम सामना तुझ्याच मैदानावर, तुझा गाव आणि आमचा गाव. मी बसले माहेरच्या बायकांत. शेवटची चढाई, गुण सारखे, आणि चढाईला माझा लेक. समोर डाव्या कोपऱ्यात तोच पोरगा, नात्याने याचा मामा. लेकाने लाथ मारली, पोराच्या मांडीला लागली. आता फक्त परत यायचं. आणि मैदानभर लोकांनी बघितलं, त्याचा हात सवयीने कपाळाकडे निघाला. पुढच्या क्षणाला तो आडवा, आणि त्याच्यावर आमचा सगळा गाव.

आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले. म्हणजे तू समजून घे. पण भांडण मिटलं नाही. दोन्ही गावांत आजही सांगतात, भाचा होता म्हणून सापडला, संस्कार नडले, नाहीतर कसला पोरगा नि कसली पकड! लेकाचा तेवढ्याने मान राहतो, तर मी कशाला बोलू? पण तोच बोलतो. त्याच टपरीवर उभा राहून सांगतो, "हात नंतर गेला. घोटा आधीच त्याच्या मुठीत होता. पोरगा माझ्यापेक्षा भारी आहे, म्हणून तर आणला." कुणी ऐकत नाही, वर चहा पाजतात. तो खरं सांगतो, बाबा. मी पाय बघत होते. घोटाच आधी गेला. आता त्या डाव्या कोपऱ्याला जिल्ह्यातून बोलावणं येतं, किडकिडीत होता तो चढाईला जातो, आणि आमच्या गावात तिसरीतली पोरं ओढ्याच्या वाळूत रेघा मारून खेळतात.

पणती विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू. म्हटलं, काही नको, हे माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेव. आणि आणखी एवढं लिही, मग पेन मीट. पकड झाली तेव्हा तुझ्या सुनांच्या मधोमध बसून मी टाळी वाजवली. जोरात. सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या, तेव्हा मी सांगितलं की धुरळ्यात कोण पडलं ते दिसलं नाही गो मला. दिसलं होतं, बाबा.